गेंदणीला बांधलेली वाट

कोणे एके काळी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं, एका उंच आणि कोरड्या मुलखात मेंढरं राखणाऱ्यांचं एक गाव होतं. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. आणि मोठ्यांनो, ‘पोरांची गोष्ट आहे’ असं म्हणून उठून जाऊ नका. ती तुमच्याच जास्त कामाची आहे.

तर त्या मुलखात पाऊस बोटांवर मोजण्याइतके दिवस यायचा. वारा मात्र बारा महिने. गावासमोर एक डोंगर होता, उघडाबोडका, मुरमाड. लांबून पाहिलं तर त्यावर काही उगवत असेल यावर तुमचा विश्वास बसला नसता. जवळ गेलं की कळायचं, अरेच्चा, इथे तर चिकार आहे! दुधाळ शेर होता, बिनपानांची नेपती होती, हेकळ होती, तरवड होता, पायात घुसणारं कुसळी गवत होतं. सगळं ठेंगणं, बरंचसं काटेरी, आणि आपापल्या जागी घट्ट बसलेलं.

उन्हाळा लागला की गावची विहीर तळ गाठायची. मग सगळं गाव मेंढरं घेऊन डोंगर ओलांडायचं. पलीकडच्या खोऱ्यात न आटणारं तळं होतं. पाऊस येईपर्यंत मुक्काम तिथे. वाट दोन दिवसांची, आणि त्या वाटेवर पाणी एकाच ठिकाणी, दुसऱ्या दिवशी दुपारी लागणाऱ्या खडकातल्या टाक्यात. ते टाकं चुकलं तर मेंढरं मरणार, आणि मेंढरं मेली तर गावानं खायचं काय, माती?

बरं, वाट तरी सरळ असावी! मुरूम सरकायचा, वारा पावलं पुसून टाकायचा. गेल्या वर्षीची वाट यंदा दिसेल तर शपथ. म्हणून गावाला वाटाडी लागायची. वाटाडी म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालून वाट दाखवणारी बाई.

धुरपदा आत्या ही गावाची वाटाडी. चाळीस उन्हाळे तिनं गाव डोंगरापार नेलं होतं. तिची एक रीत होती. ती एकेका झुडपापाशी थांबायची, काटे चुकवून त्याला हात लावायची आणि त्याचं नाव घ्यायची. मागून येणाऱ्यानंही तसंच करायचं. “ही वाकडी हेकळ. हिच्या डाव्या अंगानं वर.” “ही तीन नेपत्यांची जागा. इथून खाली उतरायचं नाही.” हात लावायचा, नाव घ्यायचं, मग पुढचं पाऊल.

लोक वैतागायचे. “आत्याबाई, आम्ही मेंढरं न्यायला निघालोय, झाडांशी सोयरीक जुळवायला नाही!”

“जुळवून ठेवा,” आत्या म्हणायची. “अडीनडीला सोयरेच उपयोगी पडतात.” आणि मुद्दाम आणखी हळू चालायची. भलती हट्टी बाई.

तिच्या मागोमाग तिच्या भावाची मुलगी चालायची. तिचं नाव जिऊ. ही प्रत्येक झाडाला दोनदा हात लावायची. लहान असताना तिनं एकदा विचारलं होतं, “आत्ये, हिवाळ्यात आपल्या डोंगरावर गेंदणीची हिरवी झुडपं असतात ना, गोल गोल? उन्हाळ्यात ती कुठं जातात?” लोक पोट धरून हसले. झाडं कधी कुठे जातात का! आत्या हसली नाही. ती म्हणाली, “मला ठाऊक नाही. तू बघत राहा.” जिऊ मोठी झाली, तिचं लग्न झालं, स्वतःची चाळीस मेंढरं झाली. तो प्रश्न तसाच राहिला.

मग एका वर्षी आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि पाठोपाठ डोळ्यांनी. समोर धरलेली बोटंही तिला धूसर दिसू लागली. आत्या गावाला म्हणाली, “आता जिऊ पुढे चालेल.”

गावचा कारभारी म्हणाला, “आता कुणीच पुढे चालायची गरज नाही.”

हा कारभारी वाईट माणूस नव्हता बरं का. मेहनती होता, गावाचं भलं चिंतणारा होता. फक्त आपल्या डोक्यात आलेली गोष्ट म्हणजे शेवटची, असं त्याला वाटायचं. असे लोक तुमच्याही ओळखीचे असतील. त्याच्याकडे राजाच्या दरबारातून मिळालेलं तांबडंलाल पागोटं होतं. गावासाठी त्यानं ते फाडलं, त्याच्या दोनशे चिंध्या केल्या. भर हिवाळ्यात दहा गडी घेऊन तो डोंगर चढला आणि वाटेवर चिंध्या बांधून आला. कशाला बांधल्या? गेंदणीला. गेंदणी कमरेइतकी उंच, गरगरीत, हिरवीगार, तिला काटेही नाहीत. बांधायला सोपी आणि लांबून दिसणारी.

“चिंधी दिसली की चालायचं,” त्यानं पारावर सांगितलं. “झाडांची नावं नकोत, थांबणं नको. दोन दिवसांची वाट दीड दिवसात!”

लोक खूश झाले. का होणार नाहीत? जिऊ एवढंच म्हणाली, “कारभारी, गेंदणी उन्हाळ्यात दिसत नाही हो.”

“दिसत नाही म्हणजे? मी स्वतः बांधल्यात चिंध्या! पोरी, आत्याची गादी गेली म्हणून जीव जळतोय होय तुझा?”

सगळे हसले. जिऊला ते लागलं, फार लागलं. ती उठून मेंढरांकडे गेली.

उन्हाळा आला. गाव निघालं. पुढे कारभारी, त्याच्या मागे मेंढरं आणि माणसं, आणि सगळ्यांत शेवटी गाढवावर बसलेली आत्या आणि गाढवाचा दोर धरलेली जिऊ. पहिला दिवस झकास गेला. खालच्या उतारावर वारा कमी, तिथल्या गेंदण्या अजून जागेवर होत्या. चिंध्या फडफडत होत्या, लोक भराभर चालत होते. मेंढरांना धापा लागल्या, पण कारभाऱ्याची छाती फुगली होती.

जिऊ मात्र जुन्या रीतीनं चालली. हात लावायचा, नाव घ्यायचं.

“काय काय दिसतंय?” गाढवावरून आत्या विचारायची.

“वाकडी हेकळ. तिला यंदा फळं धरलीत. आणि गेंदणी वाळलीय, आत्ये. हलवली की खुळखुळ वाजते.”

“हं,” आत्या म्हणायची. “पुढे बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव डोंगराच्या धारेवर पोहोचलं. तिथे वारा असा की बोललेलं शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये. जिऊ आणि आत्या बऱ्याच मागे राहिल्या होत्या. पुढचे लोक दिसतही नव्हते. जिऊ तीन नेपत्यांच्या जागेपाशी आली आणि थांबली.

“आत्ये, मेंढरांची पावलं इथून खाली उतरलीत. उजवीकडच्या घळीत.”

“खाली? इथून खाली उतरायचं नसतं!”

“आणि इथं जमिनीत एक थोटूक आहे. अंगठ्याएवढं. वरचं झाड कडकन मोडून गेल्यासारखं.” ती चार पावलं चालली. “हे दुसरं. हे बघ, तिसरं.”

“कशाचं थोटूक?”

जिऊनं सालीला नख लावलं, वास घेतला. “गेंदणीचं.”

तेवढ्यात मागून काहीतरी गडगडत आलं. एक वाळकी भिंगरी होती. पलीकडच्या खोऱ्यात उन्हाळाभर अशा भिंगऱ्या माळावर लोळत असायच्या, काटक्यांचे पोकळ चेंडूच जणू. पोरं त्यांना लाथा मारत खेळायची. ही भिंगरी जिऊच्या पायाला अडखळली, सुटली आणि घळीकडे उड्या मारत गेली. तिच्या अंगावर तांबडी चिंधी होती.

जिऊनं थोटकाला पुन्हा हात लावला. “आत्ये! गेंदणी आणि भिंगरी एकच आहे गं! इकडे हिरवी असते तेव्हा आपण तिला गेंदणी म्हणतो. वाळली की बुडख्याशी मोडते, वारा तिला लोळवत नेतो, आणि तिकडे आपण तिला भिंगरी म्हणतो. कारभाऱ्यांनी वाट चालत्या झाडाला बांधली!”

आत्या म्हणाली, “चाळीस वर्षं मी दोन्ही पाहिल्या. मला नाही कळलं. धाव पोरी, धाव!”

जिऊ धावली. घळ खोल होती आणि वाऱ्याच्या तोंडाशी होती, म्हणून धारेवरच्या बऱ्याच भिंगऱ्या तिच्यात येऊन पडल्या होत्या. पंचवीस-तीस चिंध्या एकाच जागी! कारभाऱ्याला त्या वरून दिसल्या तेव्हा तो आनंदानं ओरडला होता, ‘बघा, किती दाट खुणा!’ आता तो घळीच्या टोकाशी उभा होता. समोर भिंतीसारखा उभा कडा. वाट संपली होती. पखाली रिकाम्या झाल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं आणि मेंढरं एकेक करून खाली बसत होती.

जिऊनं एक भिंगरी एका हातानं उचलली आणि कारभाऱ्यापुढे ठेवली. तिची मोडकी बुडखी वर होती आणि चिंधी खाली लोंबत होती.

कारभाऱ्याचं तोंड उतरलं. लोकांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मात्र त्यांचा तोल सुटला. “मारलंत आम्हाला!” “त्याचं नुसतं पागोटं गेलं, आमची मेंढरं चालली!” एकानं तर दगडाला हात घातला.

“टाक तो दगड!” जिऊ ओरडली. एरवी मोठ्यानं न बोलणारी बाई ती, सगळे चपापले. “भांडायचं ते पाणी प्यायल्यावर भांडा. धारेवर परत चढून टाकं गाठायला संध्याकाळ उलटेल. मेंढरं तोवर टिकायची नाहीत. पाणी इथंच शोधायचं.”

“ते बघा, हिरवं!” कारभारी एकदम म्हणाला. उतारावर एक हिरवागार पट्टा होता. पाच-सात जण तिकडे धावले. तो शेर होता. एकानं फांदी मोडली, पांढरं दूध ठिबकलं, आणि तहानेनं वेडावलेल्या त्या माणसानं ते तोंडाकडे नेलं.

“थू! टाक ते, मेल्या!” आत्याचं गाढव मेंढरांच्या मागानं एवढ्यात घळीत पोहोचलं होतं. तिला दिसत नव्हतं, पण फांदी मोडल्याचा आवाज तिनं ओळखला. “तोंडाची साल निघेल, डोळ्यांत गेलं तर आंधळा होशील. ते पाणी शेरानं स्वतःसाठी ठेवलंय. कोरड्या डोंगरावरचं हिरवं दोन प्रकारचं असतं. एक पाणी पोटात साठवून बसतं, त्याच्या खाली काही नसतं. दुसरं पाण्यावर पाय ठेवून उभं असतं. दुसरं शोधा.”

“ते कुठं असतं, आत्ये?” जिऊनं विचारलं.

“ही घळ मी कधी पाहिली नाही, माझ्या बाई. मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं.” आत्या म्हणाली. “तुझे डोळे आहेत. जा.”

जिऊ निघाली. तिची चाळीस मेंढरं मागे बसली होती, त्यांतल्या दोघी गाभण होत्या. ओठ फुटले होते. एका पायताणाचा अंगठा तुटला, तिनं ते काढून कमरेला खोवलं आणि तशीच चालली. सगळी घळ एकदम पाहायची नाही, असं तिनं ठरवलं. एक झाड बघायचं. मग पुढचं झाड.

हा शेर. पोटात पाणी साठवणारा. पुढे. ही नेपती. हिला पानंच नाहीत, हिला पाणी लागतं कुठं! पुढे. हा तरवड, पिवळाधमक फुललाय. पण तरवड कुठेही फुलतो, याच्या फुलण्यावर जाऊ नये. पुढे. हेकळ. हेकळ. पुन्हा शेर. कड्याच्या एका बाजूनं ती टोकापर्यंत गेली आणि दुसऱ्या बाजूनं परत फिरली. काही नाही. खालून कुणीतरी रडल्याचा आवाज आला. तिनं हात पुढे केला. कुसळी गवत. वाळलेलं.

वाळलेलं? ती खाली वाकली. गवताचे शेंडे वाळके होते, बुडाशी मात्र बोटभर हिरवं होतं. आजूबाजूचं सगळं कुसळ मुळापासून पिवळं, आणि हे एवढंच असं. ती त्या हिरव्या बुडांच्या मागे मागे कड्याच्या पायथ्याकडे गेली. तिथे खडकाच्या सांदीत लव्हाळ्याची तीन पाती होती. फक्त तीन. पण लव्हाळा कोरड्यात जगत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि वर, फटीतून बाहेर आलेलं एक उंबराचं रोप. हातभरसुद्धा नाही. पण त्याची पानं रुंद होती, चांगली तळहाताएवढी. या डोंगरावर सगळ्यांनी पानं बारीक केली, कुणी टाकूनच दिली, आणि हा एवढासा उंबर रुंद पानं पसरून बसलाय? कुणाच्या जिवावर?

तिनं मुळाचा माग काढला. मूळ खडकावरून उतरून एका मोठ्या धोंड्याखालच्या वाळूत शिरलं होतं. जिऊ गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरू लागली.

ढोपरभर खणलं, कोरडी वाळू. मांडीभर खणलं, कोरडीच. नखं फुटली. बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “पुरे गं, उगाच जीव नको काढूस.”

“उंबर खोटं बोलत नाही,” जिऊ म्हणाली आणि खणत राहिली.

तेवढ्यात तिच्याशेजारी कुणीतरी येऊन बसलं आणि वाळू बाहेर फेकू लागलं. तिनं पाहिलं, तो कारभारी होता. मान खाली, दोन्ही हात वाळूत. मग आणखी दोघे उतरले, मग चौघे.

कमरेएवढा खड्डा झाला तेव्हा वाळूचा रंग बदलला. आणखी हातभर, आणि ती मुठीत दाबली की गोळा होऊ लागली. मग खड्ड्याच्या तळाशी हळूहळू एक ओंजळभर पाणी साचलं. गढूळ, पण पाणी! जिऊनं त्यात बोटं बुडवली आणि तिला रडू कोसळलं. हमसून हमसून रडली ती, सगळ्यांसमोर.

पाण्याचा झिरा लहान होता. एक ओंजळ उपसली की दुसरी साचायला वेळ लागायचा. आधी कोकरं, मग गाभण मेंढ्या, मग लहान मुलं, मग बाकीची मेंढरं आणि माणसं. तिसऱ्या दिवसाची दुपार होईपर्यंत ते चाललं. सात मेंढरं वाचली नाहीत. बाकीची सगळी उठून उभी राहिली. सगळ्यांत शेवटी कारभारी प्यायला, तेही आत्यानं दोनदा दटावल्यावर.

मग जिऊ पुढे झाली. तिनं गावाला पुन्हा धारेवर चढवलं, तीन नेपत्यांपासून डावीकडे नेलं, टाक्यावर पाणी पाजलं आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरवलं. वाटेत प्रत्येक झाडापाशी ती थांबली. या वेळी कुणीही सोयरिकीचा विनोद केला नाही.

कारभाऱ्यानं त्या उन्हाळ्यात काय केलं ठाऊक आहे? माळावर लोळणाऱ्या भिंगऱ्यांच्या मागे धावून धावून त्यानं आपल्या चिंध्या सोडवल्या. पोरांना फार मजा वाटायची. मग त्या चिंध्या घेऊन तो जिऊकडे आला. “पोरी, तू पारावर खरं बोललीस आणि मी तुला सगळ्यांसमोर हसलो. चुकलं माझं. यांचं काय करू ते तूच सांग.”

“गोधडी शिवा,” जिऊ म्हणाली. “आत्याचे गुडघे थंडीत दुखतात.”

ती गोधडी आत्यानं मरेपर्यंत पांघरली. आणि गावानं एक नवी रीत पाडली. डोंगर ओलांडताना टाक्याच्या पाण्याला हात लावण्याआधी प्रत्येकानं वाटेत पाहिलेल्या एका झाडाचं नाव सांगायचं, आणि ते कुठे उभं होतं तेही सांगायचं. ज्याला सांगता येणार नाही त्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं, मग तो कुणीही असो.

पुढच्या वर्षी ती रीत पहिल्यांदा पाळली गेली. कारभाऱ्याची पाळी आली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो खाकरला आणि म्हणाला, “गेंदणी. धारेवर, तीन नेपत्यांपाशी, थोटूक उरलंय. बाकीची गेली खोऱ्यात, भिंगरी होऊन.”

जिऊनं बाजूला होऊन त्याला पाण्यापाशी जागा दिली.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, ऐकलंत ना? आपली खूण वाटेवर बांधण्याआधी, त्या वाटेवर जे आधीपासून उभं आहे त्याची नीट ओळख करून घ्यावी.